चिखलबोडीचं पीठ

जीपची चावी आधी गेली. आमचा ड्रायव्हर गणवीर काच खाली करून "बाई, जरा रस्ता द्या" म्हणाला, तेवढ्यात खिडकीतून एक हात आत आला, त्यानं चावी फिरवून ओढली आणि इंजिन गप्प झालं. तो हात ज्या बाईचा होता तिनं चावी कमरेला खोचली आणि गणवीरला ओलांडून माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच का तिडके मॅडम?"

"हो."

"मंग उतरा. तुमचीच वाट पाहून राहिलो आमी."

चिखलबोडीच्या वेशीवर, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बाया बसल्या होत्या. त्यांच्या मागे पुरुष उभे होते आणि त्यांच्याही मागे, शेतांतून, नुकत्याच कापलेल्या धानाच्या गंज्या. कोणी ओरडत नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. गणवीर हळूच म्हणाला, "मॅडम, उतरू नका." पण गाडीत बसून राहण्यात काही अर्थ नव्हता. मी उतरले.

मी तेव्हा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. धान्यांत आणि धान्यापासून केलेल्या खाण्यात कोणते धातू किती आहेत हे मोजायचं आमचं एक मोठं काम चाललं होतं. तांदूळ, पोहे, मुरमुरे, दुकानात मिळणारं लहान मुलांचं डब्यातलं खाणं, अंगणवाड्यांत वाटलं जाणारं पीठ, सगळं आमच्याकडे येई. आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसं. थोडंफार सगळीकडे सापडतं. जमीन आणि पाणी यांतून ते येतच. पण भंडारा-गोंदियाकडच्या गावांतून आलेल्या नमुन्यांत एका पिठात शिशाचा आकडा असा आला की मला माझ्याच हाताचा संशय आला. मी काचेची भांडी पुन्हा धुतली, आम्लाची नवी बाटली फोडली, सगळं पहिल्यापासून केलं. आकडा हलला नाही.

ते पीठ चिखलबोडीच्या उन्नती महिला बचत गटाचं होतं. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून दळायची, पाकिटं भरायची आणि आसपासच्या अंगणवाड्यांना द्यायची. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी त्याची पेज करत. शिसं मोठ्या माणसालाही वाईटच, पण या वयात ते अंगातलं रक्त कमी करतं, पोटात कळा आणतं आणि मेंदूवर बसतं. बोलणं उशिरा येतं, कधी नीट येतच नाही.

मी अहवाल जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवला. वाटप थांबलं, ते बरोबरच होतं. पण तिथून कोणीतरी ते बाहेर सांगितलं आणि एका वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापून आलं की चिखलबोडीच्या तांदळात विष आहे. पीठ राहिलं बाजूला, तांदूळच बदनाम झाला. धान नुकतं घरात येत होतं आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या चिखलबोडीच्या फाट्यावरून सरळ पुढे जायला लागल्या. शेजारच्या गावांनी "आमचं धान त्यांचं नाही" असं व्यापाऱ्यांना आधीच सांगून टाकलं. चिखलबोडीत लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणेही जेवायला थांबले नाहीत, असं गणवीरनं वाटेतल्या चहाच्या टपरीवर ऐकलं होतं.

मी त्या दिवशी आले होते ती शेतातला तांदूळ, विहिरीचं पाणी आणि गटाचं पीठ असं वेगवेगळं घेऊन जायला. शिसं कुठून येतं ते शोधायचं होतं. हे मी वेशीवरच सांगायला सुरुवात केली.

"इथं नाई," चावीवाली बाई म्हणाली. "सगळ्यायच्या समोर सांगा."

तीच देवकाबाई रहांगडाले. गट तिनंच उभा केला होता. वय पन्नाशीचं, उंच, हाडापेरानं मोठी. नवरा लवकर गेला होता. एका पोराला वाढवून तिनं गावातल्या बायांना एकेक करून घराबाहेर काढलं होतं, बँकेत नेलं होतं, कर्ज घेऊन पिठाची गिरणी बसवली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि माझ्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बाया. कोणी मला धरलं नव्हतं, पण बाजूला व्हायला जागाही नव्हती.

समाजमंदिराच्या ओट्यावर मला उभं केलं. अंगणवाडीच्या सेविका शीला मेंढे खाली एका कोपऱ्यात मान घालून बसल्या होत्या. पहिल्यांदा नमुन्याची पाकिटं त्यांनीच आमच्या माणसाला दिली होती. गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"सांगा आता," देवकाबाई म्हणाली. "आमच्या तांदळात काय हाय?"

"तांदळात आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. मी तुमचा तांदूळ अजून तपासलाच नाही. पिठात शिसं आहे. ते तांदळातून आलं, डाळीतून आलं की आणखी कशातून, तेच बघायला आले आहे."

"म्हंजे तुमाले म्हाईतच नाई."

"अजून नाही."

"म्हाईत नाई अन् पेपरात छापलं."

"मी छापलं नाही."

"मंग कोण छापलं? या शीलानं?" पुरुषांतून कोणीतरी म्हणालं आणि शीलाबाईंनी पदर तोंडावर ओढला.

मी सांगत राहिले. शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्याबरोबर कोणी आजारी पडत नाही. जितकं सांगत गेले तितके समोरचे चेहरे कठोर होत गेले. न दिसणाऱ्या, वास नसलेल्या, लगेच काही न करणाऱ्या गोष्टीमुळे वर्षाचं धान घरात पडून होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

देवकाबाईनं मला बोलू दिलं. मग ती मागे वळून म्हणाली, "टेकराम, आण."

तिचा मुलगा टेकराम, गटाची गिरणी चालवणारा, तिशीच्या आतला. त्याच्या एका कडेवर मुलगी होती आणि दुसऱ्या हातात जर्मनचं पातेलं. पातेल्यात पेज होती, कोमट, वर साय धरलेली. देवकाबाईनं मुलीला मांडीवर घेतलं, वाटीत पेज काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही माझी नात, रोशनी. अन् ही त्याच पाकिटातली पेज. जे मॅडमच्या मशीनले विष दिसते ते मी माझ्या हातानं हिले भरवतो. पाहून घ्या."

मुलगी अडीचेक वर्षांची असावी. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढुरके होते. हात काड्यांसारखे आणि एक तळवा सारखा पोटावर. आजीनं पहिला घास दिला, तिनं तो गिळला. तोंड उघडून दुसऱ्याची वाट बघू लागली. तिला ती पेज आवडत होती.

मी विचार केला नाही. दोन पावलं पुढे झाले आणि देवकाबाईच्या हाताला फटका मारला. वाटी उडाली, पेज तिच्या लुगड्यावर, मुलीच्या पायांवर, ओट्यावर सांडली. मुलगी दचकून रडायला लागली.

मग टेकरामनं माझा दंड धरून मला ढकललं आणि मी पायऱ्यांवरून खाली पडले. कोपर सोललं, चष्मा कुठे गेला कळलं नाही. एक बाई माझ्या तोंडावर वाकून म्हणाली, "लेकराच्या तोंडातला घास पाडते. कोणत्या जातीची बाई हाय ही?" गणवीर गर्दीत घुसून "मॅडम, मॅडम" करत होता, त्यालाही कोणीतरी दोन ठोसे लावले.

"सरका," देवकाबाईचा आवाज आला. "टेकराम, हात नको लावू तिले."

गर्दी थोडी मागे झाली. ती पायऱ्या उतरून माझ्यासमोर उभी राहिली. लुगड्यावरची पेज तिनं पुसली नव्हती.

"हिले मारून काय होईन? उद्या पेपरात येईन का चिखलबोडीवाल्यायनं मॅडमले मारलं. हिची मशीन खोटी हाय. ते मशीनच्या समोर उभं राहूनच दाखवाव लागन." मग मला म्हणाली, "पिशव्या मी भरीन. मी शिवीन. मी घेऊन येईन. तुमी फक्त मशीन चालवाची, अन् मी तिथंच बसून पाहीन. चालते?"

"चालतं," मी म्हणाले. "बसा. पण तोवर या मुलीला ते पीठ देऊ नका. बाकी कोणालाही नको."

"ते मी पाहून घेईन," ती म्हणाली आणि कमरेची चावी काढून माझ्या समोर मातीत टाकली.

ठरलेल्या दिवशी सकाळीच ती प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. मायलेक पहाटेच्या एसटीनं आले होते. टेकरामच्या खांद्यावर शिवलेल्या कापडी पिशव्या होत्या, प्रत्येकीवर पेनानं नाव लिहिलेलं. तांदूळ. डाळ. पाणी एका बाटलीत. आणि दोन पिशव्यांवर पीठ: एकीवर 'गटाचं पीठ, जुनं' आणि दुसरीवर 'गटाचं पीठ, नवं'. चहा विचारला तर ती नको म्हणाली. स्टूल दिलं तर ते ओढून तिनं अशा जागी ठेवलं की माझे दोन्ही हात तिला दिसावेत.

"हे काय टाकून राहिल्या?"

"आम्ल. यात धान्य विरघळतं, पाण्यासारखं होतं. मग धातू तेवढा शिल्लक राहतो."

"अन् आम्लातच विष असन तं?"

"म्हणून ही नळी. हिच्यात धान्य घातलेलं नाही, नुसतं आम्ल. हिच्यात शिसं निघालं तर माझं काम चुकलं असं समजायचं."

तिनं त्या नळीकडे बराच वेळ पाहिलं. मग टेकरामला म्हणाली, "याच्यावर ध्यान ठेव." टेकराम खरोखरच त्या नळीसमोर उभा राहिला. दुपार होत आली, नमुने विरघळून निवळले, आम्ही ते यंत्रापाशी नेले. मी तिला सांगितलं की प्रत्येक धातू आपापला ठरावीक प्रकाश गिळतो. शिशाचा प्रकाश जितका कमी होऊन पलीकडे पोचेल तितकं शिसं जास्त. तिनं मान हलवली नाही. ऐकल्याचं कळू द्यायची तिची तयारी नव्हती.

नुसतं आम्ल: काही नाही. टेकरामनं श्वास सोडला.

पाणी: काही नाही म्हणावं इतकं कमी.

तांदूळ: तसंच.

"म्हंजे आमचा तांदूळ साफ हाय," देवकाबाई म्हणाली.

"साफ आहे. आजच लिहून देते."

"लिहून द्यालच. छापूनबी आणाल."

डाळही साफ. मग 'जुनं' पीठ. आकडा चढत गेला, माझ्या पहिल्या अहवालाच्या जवळच येऊन थांबला. मी पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. ती थोडी हसली. तिला हेच हवं होतं असं मला वाटलं आणि का, ते कळलं नाही.

"दुसरं लावा," ती म्हणाली.

मी 'नवं' पीठ लावलं. आकडा वर गेलाच नाही. तांदळाइतकाच राहिला.

एकाच गटाचं पीठ, एकाच तांदळाचं, एकदा विष आणि एकदा काही नाही. हे गावात गेलं तर माझं यंत्र खोटं ठरणार आणि पाकिटं पुन्हा अंगणवाडीत जाणार. मी नळी काढली, पुन्हा लावली. तेच.

"देवकाबाई, हे कसं झालं ते मला..." मी वळले आणि थांबले.

तिचं हसू गेलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ती पडद्याकडे बघत होती.

"परत पाहा," ती म्हणाली.

"दोनदा पाहिलं."

"अजून एकदा पाहा ना."

तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच विनवणी होती. मी तिसऱ्यांदा पाहिलं. आकडा तोच आला.

"याच्यात काहीच नाई?"

"काहीच नाही."

माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "ते गटाचं पीठ नाई. तोच तांदूळ, तेच मूग. भाजले बी त्याच कढईत. पण ते मी घरी उखळीत कांडलं. मले वाटलं, तुमची मशीन पिशवीवरचं नाव वाचून विष दाखवते. दोन्ही पिशव्यांवर गटाचं नाव पाहून दोन्हीकडे दाखवन, अन् मी पकडीन. लोकायले सांगीन."

मला तेव्हा समजलं. तांदूळ एक, डाळ एक, कढई एक. उखळीतलं पीठ साफ आणि गिरणीतलं नाही. मी तिथवर पोचायच्या आधी ती पोचली होती.

ती टेकरामकडे वळली. "दगडात काय टाकलं होतं तू?"

"कुठल्या दगडात?"

"गिरणीच्या. मागं हालत होता म्हणे, मंग तू घट्ट बसवला. कशानं?"

टेकरामनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्याला प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता. "शिसं ओतलं, माय. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीचं. वितळवून मधल्या भोकात ओतलं, आसाभोवती. मिस्त्री बी तसंच करते. मस्त बसला होता." आणि मग त्याला अर्थ कळला. तो मागे सरकून भिंतीला टेकला. दगड फिरताना शिसं झिजत होतं आणि दळणाबरोबर पाकिटात जात होतं. ज्या गिरणीत सगळ्या गावाचं दळण होत नव्हतं, फक्त मुलांचं पीठ दळलं जात होतं, त्या गिरणीत.

देवकाबाईनं त्याला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. ती उठली, पिशव्या गोळा करायला लागली. एक पिशवी हातातून निसटली, ती उचलायला मी वाकले तर म्हणाली, "राहू द्या. हात नका लावू."

आम्ही जीपनेच चिखलबोडीला गेलो. शिशाचा तुकडा मला नमुना म्हणून हवा होता आणि गावाला सांगायचंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकरामनं वरचा दगड काढला. मधल्या भोकाभोवती राखाडी कडं होतं, आतून घासून घासून चकचकीत झालेलं. तो ते छिन्नीनं उचकटत होता तेव्हा रडत होता. त्याची बायको दारात उभी होती आणि ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

बाया समाजमंदिरात जमल्या, पुरुष त्यांच्या मागे उभे राहिले. मी देवकाबाईला बाजूला घेऊन म्हटलं, "तुम्ही सांगा. तुमचं त्या ऐकतील. माझं तोंडही त्यांना नको आहे."

"म्हूनच तुमी सांगा."

"का?"

"मी सांगतलं तं त्या मले माफ करतीन." ती शांतपणे बोलत होती. "गटातल्या हायेत साऱ्या. कोणाचं बाळंतपण केलं मी, कोणाच्या नवऱ्याची दारू सोडवली. म्हनतीन, जाऊ द्या बाई, तुमाले काय म्हाईत होतं. मले ते नाई पाहिजे. तुमाले कोणी माफ नाई करत. तुमच्या तोंडून गेलं तं जसं हाय तसं जाईन."

मी सांगितलं. तांदूळ साफ आहे हे आधी सांगितलं, पुरुषांतून हुंकार निघाला. मग गिरणीचं सांगितलं. मुलांचं रक्त तपासावं लागेल, काहींना औषध लागेल, पुढे काय होईल ते आज मला माहीत नाही, हेही सांगितलं. बाया हळूहळू माझ्याकडून देवकाबाईकडे वळल्या. ज्या बाईनं पायऱ्यांवर माझ्या तोंडावर वाकून शिवी दिली होती, ती उठली. तिला जुळी मुलं होती, दोघं अंगणवाडीत.

"तुमच्या पोरानं," ती देवकाबाईला म्हणाली, "माझ्या लेकरायले शिसं चारलं."

"हो," देवकाबाई म्हणाली.

"अन् तुमी मले म्हनलं, एक पाकीट जास्त घेऊन जा, दोन लेकरं हायेत तुले."

"हो. म्हनलं."

ती बाई पुढे येऊन तिच्या पायांपाशी थुंकली. देवकाबाई हलली नाही. मग एकेक करून सगळ्या बोलल्या आणि तिनं कोणालाही अडवलं नाही, एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. शीला मेंढे मात्र काही न बोलता तिच्या शेजारी येऊन बसल्या, तर तिनं त्यांना हातानं दूर केलं.

निघताना ती जीपपर्यंत आली. मला वाटलं, काही सामान राहिलं असेल.

"त्या दिवशी तुमी माझ्या नातीच्या तोंडातला घास पाडला," ती म्हणाली. "तो माझ्या हातानं पडाले पाहिजे होता. मी तिले रोज पाहत होतो. पोट धरून निजते, रंग उडाला, बोलत नाई. पाहून बी मी तिले अजून दोन घास जास्त भरवत होतो, अंगाले लागन म्हून. मले नाई दिसलं, अन् तुमी एका मिनिटात वाटी उडवली. म्हून मले तुमचं तोंड पाहावत नाई. तुमचं काही चुकलं म्हून नाई."

गणवीरनं गाडी सुरू केली.

पुढची दोन वर्षं मुलांचं रक्त दर काही महिन्यांनी तपासलं गेलं. तालुक्याच्या रुग्णालयात आमची सोय केली होती. मुलांना कोणी आणायचं हा प्रश्न कधी पडला नाही. देवकाबाई टेम्पो करून सगळ्यांना घेऊन यायची, ज्या आया तिच्याशी बोलत नव्हत्या त्यांच्या मुलांनाही. त्या आया टेम्पोत पुढे बसत, ती मागे. गट मोडला होता. गिरणी विकली होती आणि टेकराम भिलाईकडे कुठे तरी कामाला गेला होता. ती मुलांना ओळीत उभं करायची, सुई टोचताना रडणाऱ्यांचे हात धरायची आणि मग बाकावर माझ्याकडे पाठ करून बसायची. मी काही विचारलं तर उत्तर शीलाबाईंना द्यायची, त्या मला सांगायच्या. रोशनीचा आकडा सगळ्यात वर होता आणि सगळ्यात सावकाश उतरत होता. तिचा निकाल शेवटी सांगायचा, हे देवकाबाईनं पहिल्याच वेळी शीलाबाईंकरवी कळवलं होतं.

शेवटच्या फेरीला मी निकाल घेऊन बाहेर आले. आया, मुलं, सगळे व्हरांड्यात होते. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. सगळ्यांचं शिसं उतरलं होतं. त्या जुळ्यांच्या आईनं दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. रोशनीचं नाव शेवटी घेतलं. तिचंही उतरलं होतं. अजून पुरतं नाही, पण आता ते आपोआप जाणार होतं. झालेलं नुकसान किती, हे शाळेत गेल्यावरच कळणार होतं, आणि पुढे ते कळलं. ती वर्गात मागे राहिली, अक्षरं तिच्या हाताला उशिरा लागली. पण त्या दिवशी ती बोलत होती. अडखळत, पण सगळं बोलत होती.

देवकाबाई उठली. तिनं नातीचा हात धरला आणि तिला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"मॅडमले नमस्कार कर," ती मुलीला म्हणाली.

मुलीनं हात जोडले. कशासाठी, हे तिला माहीत नसणार. मी तिच्या गालाला हात लावला आणि वर पाहिलं. देवकाबाई दुसरीकडे तोंड करून उभी होती, भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत, नातीचं आटपायची वाट पाहत.